पगार रुपयांत नव्हे, किलोत मोजायला हवा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

देशातील बेरोजगारी कमी झाल्याची बातमी आपल्या दैनिकाच्या अर्थविषयक पानावर अधूनमधून ठळक मथळ्याने येत असते. केंद्र सरकारच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार १५ वर्षांवरील लोकांतील बेरोजगारीचा दर २०१७-१८ मध्ये ६ टक्के होता आणि २०२३-२४ मध्ये तो ३.२ टक्क्यांवर आला, हे खरे आहे आणि ते छापलेच पाहिजे. मात्र मथळ्याखालच्या मजकुरात, काम मिळालेल्या त्या माणसाच्या हातात किती पैसे पडले आणि त्या पैशांत काय आले, याची एक ओळही बहुधा नसते. मी पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यात एकतीस वर्षे टाइम ऑफिसमध्ये हजेरीपट आणि पगारपत्रके सांभाळली असल्यामुळे ही उणीव मला फार जाणवते, आणि म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक जुने किराणा दुकान आहे. पूर्वी पगाराच्या आठवड्यात कामगारांच्या घरून याद्या येत आणि त्यांत मापे लिहिलेली असत: तूरडाळ दोन किलो, शेंगदाणे एक किलो, तेल पाच लिटर. आता तीच माणसे आठवड्यातून तीनदा येतात आणि मापाऐवजी रक्कम सांगतात. ‘पन्नासची तूरडाळ द्या, तीसचे शेंगदाणे द्या,’ असे गिऱ्हाइकाने म्हटले की दुकानदार काट्यावर डाळ सोडू लागतो आणि पन्नासचा आकडा दिसताच हात थांबवतो. त्याच काट्यावर शेजारी ग्रॅमही उमटत असतात, पण त्यांच्याकडे दोघांपैकी कोणाचेच लक्ष नसते. मी हे गेली काही वर्षे पाहतो आहे. खरेदीची ताकद कमी होणे म्हणजे काय, हे मला कोणत्याही तक्त्यापेक्षा त्या काट्याजवळ उभे राहून अधिक नीट समजले.

आधी रोजगाराविषयी. याच सर्वेक्षणात स्वयंरोजगार करणाऱ्यांचे प्रमाण सहा वर्षांत ५२.२ टक्क्यांवरून ५८.४ टक्क्यांवर गेले, तर नियमित पगारदारांचे २२.८ वरून २१.७ टक्क्यांवर उतरले. स्वयंरोजगार या शब्दात डॉक्टर, दुकानदार आणि वडापावची गाडी लावणारा हे सगळे येतात, तसेच घरच्या शेतात किंवा दुकानात एक पैसाही न घेता राबणारी सून आणि मुलगीही येते. अशा बिनपगारी मदतनिसांचे प्रमाण कामकऱ्यांत १३.६ टक्क्यांवरून १९.४ टक्के झाले आहे. स्त्रियांचा श्रमातील सहभाग याच काळात २३.३ वरून ४१.७ टक्क्यांवर गेल्याचा जो मोठा आनंद व्यक्त होतो, त्याचा मोठा भाग या रकान्यातून आलेला आहे. त्या बायकांचे श्रम आधी मोजलेच जात नसतील तर ते आता मोजले जाणे न्यायाचेच आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु जिच्या हातावर कोणी मजुरी ठेवत नाही, तिची भर पडल्यामुळे बेरोजगारीचा दर उतरला असेल, तर तो उतार आणि कारखान्यात नव्याने लागलेल्या माणसांमुळे झालेला उतार यांत भेद करून सांगणे हे वृत्तपत्राचे काम आहे.

शेतीचेही तसेच. २०१८-१९ मध्ये देशातील ४२.५ टक्के कामकरी शेतीवर होते. टाळेबंदीत शहरांतून माणसे पायी गावी गेली आणि २०२०-२१ मध्ये हे प्रमाण ४६.५ टक्के झाले, ते समजण्यासारखे होते. पण कारखाने पूर्ववत सुरू होऊन तीन वर्षे लोटल्यावरही, २०२३-२४ मध्ये, ते ४६.१ टक्केच राहिले. प्रगती करणाऱ्या देशात माणसे शेतीतून कारखान्याकडे जातात असे आम्ही शाळेत शिकलो, आणि माझे वडील स्वतः तसेच जुन्नरहून चिंचवडला आले होते. आज ती वाट थबकलेली आहे.

आता मुख्य मुद्दा, पगाराचा. २०२४-२५ च्या आर्थिक पाहणी अहवालात सरकारनेच दिलेले आकडे मी येथे मांडतो. ते भाववाढ वजा करून, म्हणजे जुन्या किमतींत काढलेले आहेत, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. नियमित पगारदार पुरुषाचे सरासरी मासिक वेतन २०१७-१८ मध्ये १२,६६५ रुपये होते, ते २०२३-२४ मध्ये ११,८५८ रुपये झाले. पगारदार स्त्रीचे १०,११६ वरून ८,८५५ वर आले. स्वयंरोजगारातील पुरुषाची कमाई ९,४५४ वरून ८,५९१ रुपयांवर, आणि त्याच वर्गातील स्त्रीची ४,३४८ वरून २,९५० रुपयांवर उतरली. शेवटची घसरण जवळजवळ एक तृतीयांश आहे. रोजंदारीवरच्या मजुराची मजुरी मात्र याच हिशेबाने वाढली, पुरुषांची दिवसाला २०३ वरून २४२ आणि स्त्रियांची १२८ वरून १५९ रुपये, ही समाधानाची बाब आहे आणि ती लपवण्याचे कारण नाही. पण ज्या पगारदार नोकरीसाठी आईबाप मुलांना आयटीआय आणि डिप्लोमाला पाठवतात, तिचाच पगार आतून पोकळ होत गेला आहे.

याच अहवालात असेही म्हटले आहे की कंपन्यांच्या नफ्याने २०२३-२४ मध्ये पंधरा वर्षांतील उच्चांक गाठला, नफा २२.३ टक्क्यांनी वाढला, तर रोजगार अवघा १.५ टक्क्याने. हे कोण्या कामगार पुढाऱ्याचे भाषण नाही, ते सरकारच्या आर्थिक सल्लागारांच्या दस्तऐवजात आहे, आणि मागणी टिकवायची तर पगार वाढले पाहिजेत अशी चिंताही त्यात आहे.

यावर कोणी म्हणेल की २०२५ मध्ये महागाई तर उतरली. ऑक्टोबर २०२४ मध्ये किरकोळ महागाईचा दर ६.२१ टक्के आणि खाद्यपदार्थांचा १०.८७ टक्के होता, तो ऑक्टोबर २०२५ मध्ये एकूण ०.२५ टक्क्यावर आला, हे बरोबर आहे. परंतु महागाईचा दर उतरणे याचा अर्थ भाव चढण्याचा वेग कमी झाला, एवढाच आहे. आधीच्या चार-पाच वर्षांत जे भाव चढले ते चढलेलेच आहेत, आणि पगाराने ती दरी अजून भरून काढायची आहे.

मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्याकडे कायम कामगारांचा महागाई भत्ता ग्राहक किमतींच्या निर्देशांकाला जोडलेला होता. श्रम ब्युरोचा पुणे केंद्राचा निर्देशांक हाती आला की पॉइंटमागे ठरलेला दर लावून मी भत्ता काढीत असे, आणि डाळ-तेल चढले की पगाराच्या चिठ्ठीतली ती एक ओळ आपोआप चढत असे. युनियनचे लोक येऊन माझा गुणाकार तपासून जात. कंत्राटी कामगारांच्या चिठ्ठीत मात्र किमान वेतन आणि सरकारने सहामाहीला जाहीर केलेला विशेष भत्ता, एवढेच असे. मूळ किमान वेतन पाच वर्षांच्या आत तपासून पाहावे असे १९४८ चा कायदा सांगत होता. प्रत्यक्षात सुधारित दरांची अधिसूचना येईपर्यंत कामगाराची मुले शाळेतून बाहेर पडलेली मी पाहिली आहेत. मी निवृत्त झालो तेव्हा हजेरीपटावर कायम कामगार थोडे आणि कंत्राटी जास्त अशी स्थिती होती. संपूर्ण देशातही नोंदणीकृत कारखान्यांतील कामगारांमध्ये कंत्राटींचे प्रमाण आता ४० टक्क्यांहून अधिक झाले आहे.

गेल्या महिन्यात शेजारचा एक तरुण पगाराच्या दोन चिठ्ठ्या घेऊन आला, एक २०१८ ची आणि एक आताची. दर सात-आठ महिन्यांनी ब्रेक, म्हणजे कामात मुद्दाम पाडलेला खंड, मिळून त्याचे तीन कंत्राटदार बदलले आहेत. ‘काका, आकडा तर वाढलाय, मग दर महिन्याला उचल का घ्यावी लागते?’ असे त्याने विचारले. आम्ही त्याच्या बायकोला बसवून घेतले आणि तिच्याकडून दोन्ही वर्षांची घरखर्चाची यादी आठवून लिहिली. खोलीचे भाडे आणि गॅस आधी वजा केले. तेल पाच लिटरवरून तीनवर आले होते, दूध रोजच्या एका लिटरवरून अर्ध्यावर, आणि मोठ्या मुलीची शिकवणी बंद झाली होती. चिठ्ठीवरचा आकडा वाढला होता आणि यादी आखडली होती. त्याला वेगळे काही समजावून सांगावे लागले नाही.

यादीवरून पगार ठरवण्याची ही रीत मी शोधलेली नाही. १९५७ मध्ये भरलेल्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाची कसोटी रुपयांत सांगितलीच नव्हती: कामगाराच्या कुटुंबातील खाणारी तीन माणसे (एकके) धरून प्रत्येकी दिवसाला २,७०० कॅलरी अन्न, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि इंधन-दिवाबत्तीसाठी एकूण किमान वेतनाच्या २० टक्के, असा तो हिशेब होता. पुढे सर्वोच्च न्यायालयाने मुलांचे शिक्षण, औषधपाणी यांसाठी त्यात आणखी २५ टक्के धरायला सांगितले. इतका स्वच्छ हिशेब हाताशी असताना आपण काय केले? २०१९ च्या आरंभी केंद्राने नेमलेल्या अनूप सत्पथी समितीने आहाराचा नव्याने हिशेब मांडून देशभरासाठी किमान वेतनाची दिवसाला ३७५ रुपयांची तळरेषा सुचवली. त्याच वर्षी केंद्राने राष्ट्रीय तळरेषा १७६ वरून १७८ रुपये केली, म्हणजे दोन रुपयांची वाढ. ज्या समितीने डाळ, भाजी, दूध मोजून आकडा काढला, तिच्या आकड्याच्या निम्म्यावर आपण थांबलो, याचे मला आजही वाईट वाटते.

एक बाब आणखी आहे, जिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. भविष्य निर्वाह निधीसाठीची वेतनमर्यादा, म्हणजे ज्या पगारापर्यंत कामगाराला सभासद करून घेणे सक्तीचे असते तो आकडा, २००१ मध्ये ६,५०० रुपये होती, ती सप्टेंबर २०१४ मध्ये १५,००० रुपये झाली आणि त्यानंतर दहा वर्षे उलटली तरी तिथेच राहिली. कर्मचारी राज्य विम्याची (ईएसआय) २१,००० रुपयांची मर्यादा जानेवारी २०१७ पासूनची आहे. दरम्यान दिल्लीत अकुशल मजुराचे किमान वेतन एप्रिल २०२५ मध्ये महिना १८,४५६ रुपये झाले. म्हणजे राजधानीत नव्याने कामाला लागलेला आणि आधी निधीचा सभासद नसलेला मजूर, कायद्याने मिळायलाच हवा तो सर्वांत कमी पगार घेऊनही, निधीच्या सक्तीच्या कक्षेबाहेर राहू शकतो. निधीच्या १९९५ च्या पेन्शन योजनेतील किमान निवृत्तिवेतन २०१४ मध्ये १,००० रुपये झाले. त्या हजाराची डाळ तेव्हा किती येत होती आणि आता किती येते, हे माझ्यासोबत निवृत्त झालेल्या हेल्परांना विचारावे. सरकारी कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा निर्देशांकाप्रमाणे बदलतो आणि तो त्यांचा हक्कच आहे. तोच निर्देशांक या तीन आकड्यांना लावायला काय हरकत आहे, हे मला समजत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये जुने कामगार कायदे एकत्र करणाऱ्या चारही श्रमसंहिता लागू झाल्या, वेतनाची नवी व्याख्या आली. या नव्या घडीतच मर्यादा निर्देशांकाला कायमच्या बांधून टाकाव्यात, अशी माझी सरकारकडे मागणी आहे.

आणि एक विनंती आपल्याकडे. बेरोजगारीचा दर छापताना त्याच चौकटीत भाववाढ वजा जाता पगारदाराचे सरासरी वेतन आणि बिनपगारी मदतनिसांचे प्रमाण द्यावे. शिवाय दर तीन महिन्यांनी, महाराष्ट्रातील एका दिवसाच्या किमान वेतनात त्या दिवशीच्या बाजारभावाने किती तूरडाळ, किती तेल, किती दूध येते, हे ग्रॅम आणि मिलिलिटरमध्ये छापावे. पुणे, नाशिक, सोलापूर, नागपूर अशा चार शहरांचे भाव घेतले तरी पुरे. त्यासाठी दुकानांत फिरून भाव टिपण्याचे आणि गुणाकार-भागाकार करून देण्याचे काम मी विनामोबदला करीन. आपल्या कार्यालयातून कोणी संपर्क साधल्यास पहिला तक्ता पंधरा दिवसांत पाठवतो.

आपला विश्वासू,
एक निवृत्त टाइम ऑफिस लेखनिक
चिंचवड, पुणे