भगताला न दुखावता: माझ्या बाईंना पत्र

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

अकरावीच्या वर्गात मी सर्पदंशावर भाषण केलं, त्याचं कौतुक माझ्या वाट्याला आलं. त्यातलं तुमचं किती होतं ते चारचौघांना कळावं, म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे.

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात फुरसं ठाऊक नाही असं घर सापडणार नाही, आणि पान लागलं, म्हणजे साप चावला, की अजूनही पुष्कळ जणांची पहिली धाव भगताकडे असते. 'आधी दवाखाना' हे मला वर्गाला पटवायचं होतं. मी लिहायला बसण्याआधीच तुम्ही विचारलंत, "तुझ्यासमोर बसणाऱ्यांपैकी किती जणांच्या घरी भगताला मानतात?" निम्म्या वर्गाच्या तरी. "मग अंधश्रद्धा म्हणालीस की ते ऐकायचंच बंद करतील. भगताचा गुण येतो असं त्यांना का वाटतं, तिथून सुरू कर."

बाई, सगळं भाषण या एका सल्ल्यावर उभं राहिलं. उत्तर शोधताना कळलं, की आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारीच असतात, आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. अशा वेळी भगताकडे गेलेली माणसं एरवीही वाचलीच असती. श्रेय मंत्राला मिळतं. असं मांडल्यामुळे कुणाच्या आजोबांचा अनुभव खोटा ठरवावा लागला नाही. पुढे एवढंच विचारायचं उरलं: अंधारात कोण चावलं ते ओळखणार कसं? मण्यार तर झोपेत चावते. कित्येकदा दुखत नाही, खूणही धड दिसत नाही.

ग्रामीण रुग्णालयातल्या सिस्टरकडेही तुम्हीच पाठवलंत. त्यांनी रक्ताची साधी तपासणी समजावली. काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, २० मिनिटं न हलवता ठेवायचं, मग नळी तिरकी करायची. रक्त गोठलं नाही, तर घोणस किंवा फुरशाचं विष भिनल्याची शंका घ्यायची. नाग आणि मण्यार यांचं विष मज्जातंतूंवर जातं, पापण्या जड होऊ लागतात. या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविष चालतं. मी रिकामी नळी हातात धरून तिरकी केली, तेव्हा मागच्या बाकावरची मुलंही माना उंचावून बघत होती.

आकडे मी बरेच जमवले होते. तुम्ही एकच ठेवायला लावलात: २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने अंदाजे १२ लाख मृत्यू. "हे बोललीस की थांब. त्यांना पोचू दे." ते थांबणं मला फार जड गेलं, पण वर्गात खरोखर पोचलं.

शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात तुम्ही शेवटच्या बाकावर बसून ऐकायचात. "क्रियापद गिळू नकोस. आवळून बांधा की बांधू नका, ते वाक्याच्या शेवटीच कळतं." इथे तर त्यावर जीव अवलंबून आहे. घट्ट दोरी आवळायची नाही, जखम कापायची नाही, चोखायची नाही. हात किंवा पाय हलू न देता माणसाला दवाखान्यात न्यायचं. आणि शेवटची मागणीही तुम्हीच बदललीत. 'भगताकडे जाऊ नका' हे खोडून तुम्ही लिहिलंत, 'जायचं तर जा, पण दवाखान्यातून आल्यावर.'

ज्याचे आजोबा स्वतः विष उतरवतात, त्या मुलानेच पहिला प्रश्न विचारला. रागाने नाही. "रात्री गाडी कुठून आणायची?" हा प्रश्न येणार हे तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतंत, म्हणून १०८ क्रमांकाच्या मोफत रुग्णवाहिकेबद्दल मला नीट सांगता आलं. त्याने क्रमांक वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतला. बाई, त्या क्षणाबद्दल तुमचे आभार कसे मानू?

लावणीच्या आधी आमच्या वाडीतल्या बचत गटाच्या बैठकीत हेच भाषण करायचं ठरलंय. तिथे बसणाऱ्या बायका माझ्याहून जास्त साप पाहिलेल्या आहेत. त्यांच्यासमोर सुरुवात कुठून करावी, हे विचारायला शनिवारी घरी येते.

तुमची विद्यार्थिनी