मधलं म्युझिक उडवू नकोस

सोलापूर

चि. छकुलीस,
(नोकरी लागली तरी नाव हेच राहणार.)

अनेक आशीर्वाद.

ऑफिसच्या गॅदरिंगला 'अलबेला'मधलं 'शाम ढले' म्हणणार, हे वाचून बरं वाटलं. पुढचं वाचून नाही. तीनच मिनिटं दिलीत म्हणून "मधलं म्युझिक उडवते आणि कडव्याला कडवं जोडते" म्हणतेस. एक कडवं गाळ पाहिजे तर, पण हे नको.

तीन मिनिटांची अडचण काही तुझ्या एचआरवाल्यांनी शोधून काढलेली नाही. लाखेची तबकडी मिनिटाला 78 फेरे घ्यायची आणि एका बाजूवर सव्वातीन मिनिटांच्या आसपास मावायचं. गाणं लांबलं की उरलेलं मागच्या बाजूला. सिनेमात असलेलं कडवं रेकॉर्डवर नाही, हेही सर्रास. एवढी टंचाई असतानाही संगीतकार मधल्या सुरावटींना जागा ठेवायचे. उगाच नव्हे.

आमच्या कारखान्यात तुझे आजोबा सकाळी ट्रान्झिस्टर लावायचे. साडेसात ते आठ रेडिओ सिलोनवर जुनी गाणी, शेवटचं सैगलचं. पण यंत्रमागांच्या खडखडाटात कोण काय ऐकणार! लाईट गेली की सगळे माग एका दमात थांबायचे, धोटे जागच्या जागी. ट्रान्झिस्टर सेलवरचा, तो चालूच. मग अचानक कुठलं तरी गाणं मधूनच ऐकू यायचं, बहुतेक वेळा दोन कडव्यांमधलं व्हायोलिन नाहीतर क्लॅरिनेट. कांड्या भरणाऱ्या मावशी ओरडायच्या, "मालक, आवाज वाढवा की!" त्यामुळे कितीतरी गाण्यांचा मुखडा मला फार उशिरा कळला, मधलं आधी पाठ.

ते वाजवणारे बरेचसे गोव्याचे, समोर नोटेशनचा कागद ठेवून वाजवणारे. गायक आणि वादक एकाच वेळी बसायचे. एकाचा गज चुकला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखे अरेंजर कोणी कुठे काय वाजवायचं ते लिहून काढायचे आणि रेकॉर्डवर त्यांचं नाव नसायचं. गायकांचं तरी कुठे धड होतं? 1949 च्या 'महल'मधलं 'आएगा आनेवाला' लताबाईंनी गायलं, आणि तबकडीवर आधी छापलं 'कामिनी', म्हणजे सिनेमातल्या पात्राचं नाव. गोन्साल्विस हे नाव घरोघरी गेलं ते 1977 साली, 'अमर अकबर अँथनी'त. त्या सिनेमाच्या संगीतकार जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकलेले, त्यांनी गुरूचं नाव गाण्यात घातलं. लोकांना अजून वाटतं ते बच्चनचंच!

आता तुझं गाणं. त्याचे संगीतकार सी. रामचंद्र पुणतांब्याचे, आडनाव चितळकर, गाताना तेच नाव लावायचे. 1951 च्या त्या एका सिनेमात हा खट्याळपणाही त्यांचा आणि 'धीरे से आजा री' ही अंगाईही त्यांचीच. दोनच वर्षांनी 'अनारकली'त बागेश्री रागातलं 'जाग दर्द-ए-इश्क जाग'. माझ्या मते त्या काळात एवढा पल्ला दुसऱ्या कोणाचा नव्हता; तुझी आई नौशाद म्हणते, म्हणू दे. आणि पडद्यावर ज्यांच्यासाठी चितळकर गायले ते भगवानदादा गिरणी कामगाराचे चिरंजीव. गिरण्यांच्या गावची मुलगी म्हणून निवेदनात हे सांगच.

गाणं भांडणाचं आहे. ती एक बोलते, तो एक बोलतो. मधली सुरावट काढलीस तर दोघं एकमेकांचं न ऐकताच बोलल्यासारखे वाटतील. त्या वेळात श्वास घे, त्याच्याकडे रागानं बघ, पाण्याच्या बाटलीकडे बघू नकोस. कॅराओके ट्रॅक घेणार असशील तर आधी मूळ गाण्याशी ताडून बघ. बऱ्याच ट्रॅकमध्ये सगळ्या वाद्यांचं काम एकट्या कीबोर्डवर उरकलेलं असतं. तुमच्यात कोणी व्हायोलिन वाजवणारा असेल तर त्याला धर, चहा पाज.

आणि मुख्य राहिलंच. गाण्यातलं भांडण मुळात शिट्टीवरून आहे. तुझ्या जोडीदाराला शिट्टी येते का, ते आधी विचार. येत नसेल तर जोडीदार बदल, गाणं नको.

तुझा,
बाबा