लाखपुरीच्या स्टेशनचा फलक

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

अचलपूर–मूर्तिजापूर–यवतमाळ या अरुंद रुळांच्या ‘शकुंतला’ रेल्वेच्या लाखपुरी इथल्या जुन्या स्टेशनवर फलक लागतोय आणि मजकूर बाबांकडे आलाय, हे वाचून फार बरं वाटलं.

बाबा, रुळावर दिसणारं साल फलकावर स्टेशनचं म्हणून घालू नका; रुळावरचं साल म्हणजे स्टेशनचं साल नव्हे. रुळाच्या बाजूला उठावाची अक्षरं असतात, ती कारखान्याचं नाव आणि रूळ तयार झाल्याचं साल सांगतात. रूळ मागाहून बदललेलेही असू शकतात. अक्षरं पुसट असतील तर कोरड्या ब्रशने माती झाडा, पॉलिश पेपर मारू नका. वरून खडू आडवा फिरवा आणि सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढा.

दोन रुळांमधली रुंदी आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत मोजा: ७६२ मिमी, म्हणजे अडीच फूट. मध्यापासून मध्यापर्यंत धरली तर आकडा फुगतो. स्लीपर कुजले की रूळ फाकतात, म्हणून सरळ भागात तीन-चार ठिकाणी टेप लावा. वळणावरचं माप धरू नका, तिथे मुद्दाम थोडी जास्त जागा सोडतात.

मजकुरात कापूस आधी येऊ द्या. ही लाइन त्याच्यासाठीच टाकली. वऱ्हाडातल्या गाठी मूर्तिजापूरला यायच्या, तिथे मोठ्या गाडीत चढायच्या आणि मुंबई बंदराकडे जायच्या. दोन्ही लाइनींच्या रुळांची रुंदी वेगळी, त्यामुळे प्रत्येक गाठ हमालांनी उतरवून पुन्हा चढवायची. एक गाठ ३९२ पौंडांची, सुमारे १७८ किलो! त्या हमालांचा उल्लेख फलकावर हवाच.

मालकी सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीची, कारभार किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीचा. अचलपूर–मूर्तिजापूर ७६ किमी, मूर्तिजापूर–यवतमाळ ११३ किमी. मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन १५ एप्रिल १९९४ ला सेवेतून काढलं, मग डिझेल इंजिन आलं. शेवटी शेवटी मधल्या स्टेशनांवर तिकिटं गार्डच द्यायचा.

आई, जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, पूर्वी कामाला जाणाऱ्या म्हाताऱ्या बायांना तू विचार. गाडी कुठे थांबायची, गाठी कोण मोजायचं, हे कागदावर कुठेच मिळणार नाही.

खांब रोवण्याआधी रेल्वेच्या भुसावळ विभागाची लेखी परवानगी घ्या, जागा रेल्वेच्या हद्दीत आहे. शोभेसाठी रुळाचा तुकडा उचलू देऊ नका, तो गुन्हा ठरतो. गवतात विंचूकाटा असतो, बूट घालूनच जा. आईला गिट्टीवरून चालवू नका, पाय मुरगळेल.

मजकूर झाला की पाठवा.

तुमचाच,
धाकटा