मिलांदच्या पायरीपाशी

प्रिय ठमे,

दिवाळीपासून पत्र नाही म्हणून चिडली असशील. चीड, तुला शोभतं. माझा गुडघा कुरकुरतोय, ह्यांची साखर आटोक्यात आहे, बाकी क्षेम. आता जे सांगायचंय ते.

आम्ही फ्रान्समध्ये दोर्दोन्य नदीच्या खोऱ्यात मिलांदची गढी बघून आलो. नाचगाण्यानं गाजलेल्या जोसेफिन बेकरची. तिथे स्वयंपाकघराच्या पायरीपाशी मी उभी राहिले आणि मला आपल्या बाई दिसल्या, घरभर पोरं सांभाळणाऱ्या. इथे हे कुणाला सांगू? आणि घरी पोचते तो बाईंच्या भाचीचा फोन: घर गहाण आहे, बँकेची आणखी एक नोटीस आलीये.

ही गढी 1489 साली फ्रांस्वा द कोमाँनं बायकोसाठी बांधली. कास्तेलनोचा जुना किल्ला पहाऱ्यासाठी चांगला, राहायला अंधारा. बायकोला, क्लोद द कार्दायाकला, मोठ्या खिडक्या हव्या होत्या. म्हणजे सुरुवातही एका बाईच्या हट्टानेच. राज्यक्रांतीत सरकारजमा झाली, मग पडझड. 1900 मध्ये क्लाव्हेरी नावाच्या कॉर्सेटवाल्या कारखानदारानं घेऊन दुरुस्त केली, बाग करवली. तू असतीस तर बागेच्याही आधी खाण्याची जागा शोधली असतीस.

आणि मग जोसेफिन. आधी भाड्यानं राहिली. दुसऱ्या महायुद्धात तिनं गुप्त माहिती संगीताच्या कागदांवर अदृश्य शाईनं लिहून देशाबाहेर नेली. 1947 साली गढी विकत घेतली आणि त्याच वर्षी वाद्यवृंदाच्या जो बुइयाँशी तिथेच लग्न केलं. जगभरातली चारच मुलं दत्तक घ्यायची असं ठरलं होतं. झाली बारा. जपान, कोलंबिया, फिनलंड, अल्जीरिया, कुठकुठली. वेगवेगळ्या वर्णांची, धर्मांची माणसं भावंडांसारखी राहू शकतात, हे तिला जगाला दाखवायचं होतं. बाई पाटावर ताटं मांडताना तेच म्हणायच्या, आठवतं?

पण ठमे, तिनं ते खरोखरच 'दाखवलं'. हॉटेल, मिनी गोल्फ, 'जे' अक्षराच्या आकाराचा पोहण्याचा तलाव, स्वतःच्या आयुष्यावरचं मेणाच्या पुतळ्यांचं प्रदर्शन. लोक यायचे ते मुलांनाही बघायला. हे मला पटलं नाही. बाईंनी त्या पाहुण्यांना कॅमेरे ओट्यावर ठेवायला लावले होते, तेव्हा तू म्हणालीस, 'फोटो काढू दिले असते तर छपराचे पैसे निघाले असते.' त्यावरून आपण आठवडाभर बोललो नव्हतो. त्या भांडणात मी बरोबर होते, आजही म्हणते. छप्पर गळायचं, बादल्या आपणच लावायचो, पण एकाही पोराला कुणी तिकीट लावून पाहिलं नाही.

हिशेबाच्या बाबतीत मात्र तू म्हणायचीस तेच झालं. जो बुइयाँ सांगून थकला, शेवटी वेगळा झाला. 1964 साली ब्रिजित बार्दो ह्या नटीनं टीव्हीवरून लोकांना मदतीचं आवाहन केलं, तरी कर्ज फिटलं नाही. 1968 मध्ये गढीचा लिलाव झाला. जोसेफिन स्वयंपाकघरात दार लावून बसली. 1969 च्या मार्चमध्ये तिला बाहेर काढलं. पायरीवर बसलेली, अंगावर पांघरूण, डोक्यावर टोपी, असा तिचा फोटो जगभर छापून आला. ज्या बाईला त्याच गढीत 1961 साली लिजन ऑफ ऑनर हे फ्रान्सचं मानाचं पदक लावलं होतं, ती! पुढे मोनॅकोच्या प्रिन्सेसनं, ग्रेस केलीनं, घरासाठी मदत केली म्हणून मुलांना छप्पर मिळालं.

तिचं न्हाणीघर बघितलं, काळ्या फरशा आणि सोनेरी नक्षी. लोक फोटो काढत होते. मला एवढंच सुचत होतं की ह्या फरशांची बिलं येत होती तेव्हा तिच्या शेजारी बसून कागद वाचणारं, आणि तिनं ज्याचं ऐकलं असतं असं, कुणीच कसं नव्हतं?

2021 च्या नोव्हेंबरमध्ये फ्रान्सनं तिला पँथिऑनमध्ये, देशातल्या थोरांच्या समाधिस्थानात, जागा दिली. देह मोनॅकोतच आहे. शवपेटीत चार ठिकाणची माती ठेवली, त्यात मिलांदचीही. बाईंनाही कधीतरी शाल-श्रीफळ मिळेल. मला तोवर थांबायचं नाहीये.

नुसते पैसे पाठवले तर काय होईल ते तुला माहीत आहे. महिन्याभरात आणखी दोन पोरं ताटावर बसतील, आणि हप्ता तसाच. बाईंना रागावून उपयोग नाही. त्यांना न दुखवता कागद त्यांच्या हातून काढून घ्यावे लागतील, आणि ते तुलाच जमेल. तुझ्यावर त्या ओरडतात, पण ऐकतात तुझंच. माझे नुसते लाड करतात.

म्हणून एवढं कर. येत्या रविवारी भाचीला घेऊन जा. गहाणखताची नक्कल माग, मिळकत पत्रिकेवर कुणाकुणाची नावं आहेत ते बघ, आणि थकबाकीचा आकडा बँकेकडून लेखी घे. तुझ्या वकील दिरांना विचार, कर्ज फेडून घर ट्रस्टच्या नावावर केलं तर ते पुन्हा गहाण पडू नये अशी अट घालता येईल का. फेडायचं मी बघते, ह्यांच्याशी बोलून झालंय. बाईंना सध्या माझं नाव सांगू नकोस.

लेकीची बारावी कशी चाललीये? तुझी बदली झाली का? पाठदुखीला डॉक्टर काय म्हणाले? सगळं लिही, पण आधी आकडा कळव.

तुझी,
चिमी