एमसीबीवरचा २४० आणि गच्चीवरचा डब्बा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात आमच्या रामबागेतल्या गल्लीत खांबावरचा न्यूट्रल (परतीची तार) तुटला, व्होल्टेज चढले आणि काही घरांतले टीव्ही-फ्रिज जळाले. सगळ्यांचा राग निघाला एमसीबीवर, म्हणजे बोर्डातल्या आपोआप पडून लाइन तोडणाऱ्या खटक्यावर. ‘त्यावर २४० व्होल्ट लिहिलंय ना, मग साडेतीनशे आले तेव्हा पडला का नाही?’ माझा जन्म पॅनेल बोर्ड जोडण्यात गेला, म्हणून लिहितो.

तो पडणारच नव्हता. एमसीबी पडतो करंटवर: त्यावर ‘सी १६’ लिहिलेले असेल तर १६ ॲम्पिअरच्या वर बराच वेळ लोड राहिला की, नाहीतर शॉर्टसर्किट झाले की. शॉर्टसर्किट तोडताना आत जी ठिणगी उठते, ती किती व्होल्टपर्यंत विझवता येईल एवढेच ‘२४०/४१५’ हा आकडा सांगतो. फेज-न्यूट्रलमध्ये २४०, दोन फेजांमध्ये ४१५. व्होल्टेज चढल्यावर लाइन तोडतो तो ओव्हर व्होल्टेज रिले. तो वेगळा घ्यावा लागतो, आणि आपल्याकडे पीओपीच्या छतावर लाख घालणारी मंडळी नेमकी तिथे हात आखडतात.

जळालेला टीव्ही नवा घेता येतो. मला धास्ती आहे ती गच्च्यांची. २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली आणि सोलरची कामे धडाक्यात सुरू झाली. एका परिचितांच्या गच्चीवर पॅनेलकडून येणाऱ्या तारांच्या डब्ब्यात चक्क घरातलाच सी ३२ एमसीबी ठोकलेला पाहिला. ठेकेदार म्हणे, ‘४१५ का है, चलेगा.’ नाही चालत! घरातला एसी (दिशा बदलत राहणारा) करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, तेवढ्यात ठिणगी मरते. पॅनेलचा डीसी (एकाच दिशेने वाहणारा) करंट शून्यावर येतच नाही. आठ पॅनेल एका ओळीत जोडली की ३०० व्होल्टच्या वर जातात. त्यावर एसीचा एमसीबी उघडला, तर ठिणगी आत पेटतीच राहून डब्बा वितळू शकतो.

ओळखणे सोपे आहे. व्होल्टच्या आकड्याजवळ नागमोडी रेघ असेल तर तो एसीचा. आडवी सरळ रेघ आणि खाली तुटक रेघ, किंवा स्पष्ट ‘डीसी’ लिहिलेले हवे. डीसीच्या काही एमसीबींवर अधिक-उणे खुणा असतात, तिथे तारा उलट जोडलेल्याही चालत नाहीत. महाराणी रोडवर डीसीचा माल मिळतो, फक्त महाग पडतो.

ठेकेदाराचा शेवटचा हप्ता देण्याआधी त्याच्याकडूनच डब्बा उघडवून घ्या आणि हात न लावता लेबल वाचा. ऊन असेपर्यंत त्या तारांत वीज असतेच, मेन स्विच बंद केला तरी.

आपला,
एक निवृत्त विद्युत पर्यवेक्षक,
रामबाग, इंदूर