बर्फ नसला तरी मीठ आहे

मा. संपादक,
स. न.

गाडीचं बूड गंजापासून वाचवण्यावरचा कालच्या पुरवणीतला लेख वाचला. परदेशात हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात, ही माहिती मिळाली, आभारी आहे. आमच्या हर्णै बंदरात बर्फ दिसतो तो मासळीच्या पेटीत. मीठ मात्र बारा महिने हवेतच असतं. त्यावर एखादी ओळ खर्चली असती तर काही बिघडलं नसतं.

राग त्याचा नाही. 'कुठल्याही गाडीला खालून काळा रबरी थर मारा आणि निर्धास्त व्हा' या सल्ल्याचा आहे. हा निर्धास्तपणा मी भोगलाय. पावसाळ्याच्या तोंडावर एका कोटिंग सेंटरवाल्याने माझी गाडी लिफ्टवर चढवली, फवारा मारून धुतली आणि पत्रा सुकायच्या आत काळं फासून किल्ली हातात ठेवली. ना खरवडणं, ना प्रायमर. वर, "काका, आता पाच वर्षं बघायला नको!" बघणार तरी काय? खालून सगळं कसं गुळगुळीत.

पुढे गाडी वळवली की दाराखालून पाणी डुचमळल्याचा आवाज यायला लागला. गावातला डेंटर गाडीखाली शिरला. दाराखालच्या पोकळ पत्र्याला पाणी निघून जायला कंपनीनेच भोकं ठेवलेली असतात, ती सगळी त्या थराने बुजलेली. त्याने जरा टोचलं तर स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत! थर शाबूत, पत्रा गायब. गंजावरच थर मारला आणि खारी ओल आत कोंडली, तर दुसरं काय होणार? सेंटरवाल्याचं उत्तर तयार होतं: वॉरंटी थराची आहे, पत्र्याची नाही. धन्य!

आधी गंज खरवडा, पत्रा खडखडीत सुकवा, भोकं मोकळी सोडा, पोकळीत मेणाचा स्प्रे मारा, सायलेन्सर आणि ब्रेकला थर लागू देऊ नका, एवढं तरी लेखात हवं होतं. आणि मधूनमधून खालून गोड्या पाण्याने धुवा, याला तर पैसेही पडत नाहीत. कर्दे-मुरुडच्या पुळणीवर लाटांत गाडी घालून फोटो काढणाऱ्या पाहुण्यांना हे कोणी सांगायचं? लेखाला खेटूनच कोटिंगची अर्धं पान जाहिरात होती, तो अर्थात योगायोग असणार.

आता विषय निघालाच आहे तर, बंदरातून सुटणाऱ्या मासळीच्या गाड्या वाटभर खारं पाणी गाळत जातात, त्याचं काय? मागच्या गाडीच्या बुडाला फुकट आंघोळ, मोटारसायकलवाला वळणावर आडवा, आणि वास घराघरांत. गाडीखाली पाणी साठवायला एक टाकी बसवायची, त्यात असं कोणतं मोठं तंत्रज्ञान आहे? तक्रार केली की या खात्याने त्या खात्याकडे बोट दाखवायचं, हे ठरलेलं. यावर लिहा की एकदा. पुरवणीत नको, पहिल्या पानावर.

— एक वाचक, ता. दापोली