जलरंगातील बर्फ

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत हिवाळ्यातील बर्फाने वेढलेल्या खेड्यातील घराचे जलरंगचित्र पाहून मनापासून आनंद झाला. मात्र सोबतच्या मजकुरात चित्रकाराने पांढऱ्या रंगाचा मुक्त वापर केल्याचे म्हटले आहे, त्याविषयी लिहिणे आवश्यक वाटते. पारदर्शक जलरंगात बर्फासाठी सहसा कोरा कागदच सोडलेला असतो, आणि छपरावरील थराला आकार येतो तो मागचे करडे आकाश, भिंती व निष्पर्ण फांद्या यांच्या गडद रंगामुळे. एकदा झाकला गेलेला कागदाचा शुभ्रपणा पूर्णपणे परत मिळवणे फार कठीण असते, त्यामुळे हे नियोजन कुंचला भिजवण्यापूर्वीच करावे लागते.

छपराच्या वळचणीखालील निळसर सावली मला या चित्रात सर्वांत मोलाची वाटते. उघड्या आकाशाचा निळा प्रकाश सावलीतील बर्फावर पडत असल्याने ती खरोखरच निळी दिसते. अल्ट्रामरीन या गडद निळ्या रंगात किंचित बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग मिसळला की तशी छटा मिळते, आणि अल्ट्रामरीनचे कण खरबरीत कागदाच्या खळग्यांत बसून बर्फाचा भुसभुशीतपणा आपोआप उमटवतात. आकाशाचा रंग ओल्या कागदावर पसरू दिला आहे, तर कुंपणाच्या कडा कोरड्या कागदावर नेमक्या ओढल्या आहेत; हा संयम अनुभवाशिवाय येत नाही.

वृत्तपत्राच्या मळकट कागदावर असा शुभ्रपणा मंदावतो, म्हणून शक्य असल्यास हे चित्र आपल्या डिजिटल आवृत्तीत मोठ्या आकारात, मूळ मापांसह द्यावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक